तुमच्या रस्त्यावर कोण उभं असतं? (गोष्टींचा धागा)

चरईची लेक | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं. ठाण्यावर लिहायला बसलं की आपली गाडी तलावपाळी, मामलेदारची मिसळ, गडकरी रंगायतन आणि दिवाळी पहाटेचा राम मारुती रोड एवढी चार स्टेशनं घेते आणि कारशेडला जाते. ते पाहुण्यांना फिरवायचं ठाणं झालं. मला तुमच्या रोजच्या रस्त्याचं हवंय. अट एकच. रस्त्यावरून जाणाऱ्यांबद्दल लिहू नका, तिथे उभं असणाऱ्या नाहीतर बसलेल्या कुणाबद्दल लिहा. खरं लिहा, रचून लिहा, कथा-कविता काहीही चालेल. धागा मी काढला म्हणून पहिली मी.

*एक हात*

स्टेशनबाहेर गजरे विकणारी एक मावशी होती. होती म्हणजे आहे, पण तिथे नाही, त्यावर येतेच. मी नोकरीला लागल्यापासून, म्हणजे झाली की वीसेक वर्षं, संध्याकाळी गाडीतून उतरलं की पुलाच्या पायऱ्या, रिक्षावाल्यांची आरोळी आणि मावशी, हा क्रम ठरलेला. पुढ्यात वेताची टोपली, तिच्यात केळीचं पान, पानावर मोगऱ्याच्या कळ्या आणि वरून ओलं फडकं. कळ्याच, फुलं नव्हेत. 'उमललं की भाव पडला' असं ती म्हणायची. सुई नाही. दोऱ्याचं टोक डाव्या पायाच्या अंगठ्याला अडकवलेलं. दोन कळ्यांची तोंडं इकडे, दोन कळ्यांची तिकडे, दोऱ्याचा फास, की ओढ. नजर समोरच्या माणसावर, हाताकडे कधी बघायचीच नाही. एका गाडीची गर्दी पायऱ्या उतरून पांगेपर्यंत वीतभर गजरा तयार.

माप हाताचं. मधल्या बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत एक हात. आमचं भांडण इथेच. मावशीची चण लहान, तिचा हात माझ्यापेक्षा चांगला दोन बोटं आखूड. मी म्हणायचे, "मावशी, माझ्या हाताने मोजा." ती म्हणायची, "तुझ्या हाताने बांधलाय का?" मग काय, वीस वर्षं मी दोन बोटं कमी गजरा माळतेय.

२०१७ च्या सप्टेंबरात एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली. मग स्टेशनांबाहेरच्या फेरीवाल्यांवर एकदम सगळ्यांचं लक्ष गेलं आणि नोव्हेंबरात उच्च न्यायालयाचा निकाल आला की रेल्वे स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाले बसणार नाहीत. मावशी तिथून गेली. पुढे केव्हातरी तलावपाळीच्या अंगाला, एका कायम बंद असलेल्या दुकानाच्या पायरीवर मला ती सापडली. तीच टोपली, तोच अंगठा. जन्मभर हाताने मोजणाऱ्या बाईला कुणीतरी मीटरने मोजून उठवलं होतं.

(हे शेवटचं वाक्य सुचलं तेव्हा मी भर रस्त्यात थांबून फोनमध्ये लिहून ठेवलं होतं. मागून एक स्कूटरवाला ओरडला. असो.)

आता तुम्ही लिहा.

मुलुंडपार | रविवार, रात्री १०:०२

शेवटचं वाक्य! आहाहा. पुलेशु (पुढील लेखनाला शुभेच्छा).

झब्बू | रविवार, रात्री १०:११

रुमाल टाकून ठेवतो. वाचतोय.

पहाटचा पेपर | रविवार, रात्री ११:३०

माझ्या धंद्यावरचा धागा निघाला म्हणायचा. ('धंदा' आठवी ते बारावी. आता बँकेतून निवृत्तीला आलोय.)

नौपाड्यात एका कापडाच्या दुकानाचा ओटा होता. दुकान उघडायचं दहाला, पण ओट्याचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. स्टेशनवरून गठ्ठे यायचे. सुतळी कापायची ती दाताने, कारण एकच कात्री होती आणि ती शेटजवळ. गठ्ठा फुटला की ओट्यावर मराठी एका बाजूला, इंग्रजी मधे, गुजराती भिंतीला, आणि मग पुरवण्या घालायचं काम. पेपरचं तोंड उघडायचं, पुरवणी आत सारायची, खालच्या काठावर दोनदा आपटून सरळ करायची, की पुढचा. सरावाने डोळे मिटून व्हायचं, आणि पहाटे सव्वाचारला डोळे मिटलेलेच असायचे. शाई बोटांना लागायची ती शाळेत तिसऱ्या तासापर्यंत राहायची. शुद्धलेखनाच्या वहीवर माझे अंगठे उमटलेले असत, आणि त्याबद्दल छडी.

प्रत्येक पोराची एक 'लाइन'. माझी लाइन घंटाळीच्या देवळाकडून पुढे विष्णुनगरपर्यंत, एकशे दहा घरं. तेव्हा तीन मजली चाळवजा इमारतीच जास्त, लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यापर्यंत फेकायचा, तिसऱ्याला चढायचं हा पोरांचा कायदा. फेकायची घडी वेगळी. आधी उभी, मग तिसरा भाग दोन भागांच्या पोटात खोचायचा, म्हणजे हवेत उघडत नाही. एकदा नेम चुकून एका काकूंची तुळस पाडली. काकू रागावल्या नाहीत. काकांनी मात्र येऊरहून माती आणायला लावली. सायकलवर. पिशवी भरून.

पहिल्या मजल्यावर एक आजी होत्या. दोरीला टोपली बांधून खाली सोडायच्या, त्यात मी पेपर ठेवायचा. कधीकधी टोपलीत आधीच एक चिठ्ठी असे : 'कालचे कोडे, आडवा ७, पाच अक्षरी, राजाचा मुगुट नव्हे.' मला कुठून येणार? पण आजचा पेपर माझ्याकडे आधी, आणि कालच्या कोड्याचं उत्तर आजच्या पेपरात. मी दिव्याच्या खांबाखाली पान उलटून बघायचो आणि चिठ्ठीवर लिहून वर पाठवायचो. आजींना वाटायचं पोरगं हुशार आहे. दहावीला मला त्यांच्याकडून पेढे आले होते, निकालाच्या आधीच.

आणि एक पहाट. २१ मे १९९१ च्या रात्री श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली. मी नऊला झोपलेलो, मला काही ठाऊक नाही. गठ्ठे त्या दिवशी उशिरा आले. शेटने सुतळी कापली, स्वतः, कात्रीने, आणि पहिलं पान वर आलं. आम्ही सातजण होतो. कुणी काही बोललं नाही. फक्त पुरवण्या आपटल्याचे आवाज. मग लक्षात आलं, ओट्याभोवती माणसं येऊन उभी राहिली होती, बनियनवर, लुंगीवर, दात न घासता. त्या दिवशी फेकाफेक झालीच नाही, जो तो जिन्यातच हात पुढे करून उभा. आजींची टोपलीही आली नाही. त्या स्वतः खाली उतरल्या होत्या. मी त्यांना पहिल्यांदाच पूर्ण उभ्या बघितल्या. माझ्याहून बुटक्या होत्या.

ओटा आता नाही. तिथे काचेचं दुकान आहे आणि काचेला ओटा नसतो.

चरईची लेक | रविवार, रात्री ११:४८

निकालाच्या आधी पेढे!! काका, हे वेगळा धागा काढून लिहा.

मुलुंडपार | सोमवार, सकाळी ७:१५

आडवा ७ चं उत्तर काय होतं?

पहाटचा पेपर | सोमवार, सकाळी ७:२०

पस्तीस वर्षं झाली हो.

घोडबंदरी | सोमवार, सकाळी ९:०५

सगळं छान आहे, पण मला एक कळत नाही. ठाण्याच्या आठवणी म्हटल्या की नौपाडा, चरई, फार तर पाचपाखाडी. निम्मं ठाणं आज कापूरबावडीच्या पलीकडे राहतं. आम्ही कुठे जायचं? आमच्याकडे रस्ताच नाही. हायवे आहे, सर्व्हिस रोड आहे आणि गेट आहे. गेटच्या आत पोडियम, त्यावर झाडं, बाक, 'मुलांसाठी खेळण्याची जागा'. बाहेर धूळ आणि मेट्रोचे खांब. मी कासारवडवलीला अकरा वर्षं राहतोय, आजवर एकाही माणसाला रस्त्यात भेटून बोललेलो नाही. लिफ्टमध्ये बोललोय. ओटा, गजरा, टोपली हे तुमच्या पिढीचं भाग्य, त्यावर आम्ही फक्त 'आहाहा' लिहायचं का?

ठाणेकर जुना | सोमवार, सकाळी ९:४०

ठाण्याचा पहिला खरा रस्ता लोखंडी होता हे कुणी विसरू नये. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली गाडी ३४ किलोमीटर धावून इथे आली. १४ डबे, ४०० पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. आशिया खंडातल्या पहिल्या प्रवासी रेल्वेचा मान आपला.

झब्बू | सोमवार, सकाळी ९:४४

काका, दर धाग्यावर ही गाडी आणता. मागच्या आठवड्यात थालीपिठाच्या धाग्यावर पण आली होती.

बंदरावरची | सोमवार, दुपारी १:२०

काकांना हसू नका. आम्हा चेंदणीवाल्यांना ती गाडी रोज लागते. कोळीवाडा रुळांच्या दोन्ही अंगांना आहे. एक काका पूर्वेला, एक आत्या पश्चिमेला, लग्नाची हळद इकडे आणि वरात तिकडे. ४०० पाहुणे आले तेव्हा बघायला आमचेच पणजोबा-खापरपणजोबा उभे असणार, म्हणजे धाग्याच्या अटीत बसतंय.

लिहिते माझंही, थोडक्यात. आमच्या गल्लीत कोणी एक जण उभा नसतो, गल्लीच पसरलेली असते. लहानपणी आजोबा जाळं सांधायचे ते घरात मावायचं नाही. मग एक टोक आमच्या दाराच्या कडीला, दुसरं समोरच्यांच्या खिडकीच्या गजाला. आजोबा मधे बसलेले, तोंडात नायलॉनचा धागा. स्कूटर आली की हॉर्न वाजवायची पद्धत नव्हती. मागचा माणूस उतरायचा, जाळं दोन्ही हातांनी वर धरायचा, स्कूटर वाकून खालून जायची, मग जाळं हळूच खाली. पोस्टमनसुद्धा तसाच जायचा, टोपी धरून. एकदा नवा जावई आला, इस्त्रीचे कपडे, त्याला हे माहीत नाही. तो जाळ्यात गेला. शर्टाची गुंडी अडकली. आजोबांनी मान वर केली, बघितलं आणि आजीला हाक मारली, "अगो, मोठं म्हावरं लागलंय."

तो जावई म्हणजे माझे बाबा. खाडीत आता पूर्वीसारखं म्हावरं नाही, जाळं तर घरात कुणी टाकत नाही. कडी आहे दाराला. घासून घासून एका बाजूने बारीक झालेली.

पहाटचा पेपर | सोमवार, दुपारी १:३५

"मोठं म्हावरं लागलंय." आज ऑफिसात एकटाच हसतोय.

कलमकसाई | सोमवार, दुपारी ३:१०

मूळ लेखाबद्दल. लेखन सुरेख, यात वाद नाही. पण चित्र अर्धवट आहे. २०१७ चा निकाल एकटा हवेत नाही. त्याच्या आधी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. दर शहरात नगर पथविक्रेता समिती, तिच्यात किमान ४० टक्के प्रतिनिधी स्वतः विक्रेते, त्यांतल्या एक तृतीयांश महिला, आणि किमान पाच वर्षांतून एकदा सर्वेक्षण. सर्वेक्षण होईपर्यंत कुणाला उठवायचं नाही असं त्या कायद्यात आहे. म्हणजे 'मीटरने मोजून उठवलं' एवढंच म्हटलं की खलनायक सोपा होतो. मावशींचं नाव कुठल्या यादीत होतं का? प्रमाणपत्र होतं का? मुळात मावशी त्या निकालामुळेच उठल्या का? तुम्ही त्यांना विचारलंत?

मुलुंडपार | सोमवार, दुपारी ३:२२

झालं. गजऱ्याला कलम लावलं.

चरईची लेक | सोमवार, दुपारी ४:००

विचारलं असं नाही. पण नोव्हेंबरात निकाल आला आणि त्यानंतर ती मला स्टेशनवर दिसली नाही, हे तर खरं आहे ना. आणि ही गोष्ट आहे, प्रतिज्ञापत्र नव्हे.

कलमकसाई | सोमवार, दुपारी ४:०६

वर तुम्हीच लिहिलंय 'खरं लिहा, रचून लिहा'. मग यातलं कुठलं ते सांगा, म्हणजे मी गप्प बसतो.

झब्बू | सोमवार, दुपारी ४:०८

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

आडोसा | सोमवार, रात्री ८:५०

वाद चालू राहू द्या, मी माझं टाकतो. हे पूर्ण कल्पित आहे, कुणी काही विचारू नये. पहिलाच प्रयत्न.

*वेटिंग*

स्टेशनबाहेरच्या सॅटिसच्या पुलाखाली रिक्षांची रांग संपली होती, कारण रिक्षाच संपल्या होत्या. माणसांची रांग मात्र होती, आणि पाऊस आडवा येत होता, त्यामुळे पूल डोक्यावर असून नसल्यासारखा. एकच रिक्षा उभी होती. कडेला, पाण्यात चाकाच्या निम्म्यापर्यंत.

"कोलशेत?"

"बंद आहे."

"दुप्पट देतो."

"दादा, गाडी बंद आहे. मी नाही."

रांगेतल्या म्हाताऱ्या बाईला उभं राहवेना. तिने विचारलं, "नुसतं बसू का?" रिक्षावाल्याने पडदा वर केला. ती बसली. मग पोटुशी मुलगी बसली, मग तिसरी जागा रिकामी कशाला म्हणून शाळेचं दप्तरवाला मुलगा. दहा मिनिटांनी बाई म्हणाली, "आता दुसऱ्यांना बसू दे." ती उतरली तसे तिघंही उतरले. पुढचे तीन बसले. कुणी ठरवलं नव्हतं, पण दहा मिनिटं झाली की उतरायचं असा नियम होऊन गेला. रिक्षावाला पुढच्या सीटवर पाय वर घेऊन बसलेला. एकाने गमतीत विचारलं, "भाडं किती?" त्याने मीटर टाकलं. लाल आकडे उजळले. रांगेतले सगळे हसले.

साडेअकराला पाणी उतरलं, बसेस सुटल्या, रांग विरघळली. मीटरमध्ये वेटिंगचे आकडे चढून बसले होते. रिक्षावाल्याने मागच्या सीटवर बघितलं. ती कोरडी होती. एवढी माणसं भिजलेली बसून गेली आणि सीट कोरडी. प्रत्येकाने उतरताना पुसली होती.

पहाटचा पेपर | सोमवार, रात्री ९:१०

पहिलाच प्रयत्न म्हणे. 'बंद आहे, मी नाही' हे फार आवडलं.

झब्बू | सोमवार, रात्री ९:१४

गोष्ट चांगली आहे, पण ओल्या रुमालाने पुसून सीट कोरडी कशी होईल? ठाण्याच्या पावसात साडेअकराला कोरडं काहीच नसतं.

आडोसा | सोमवार, रात्री ९:१६

अरे यार.

बंदरावरची | सोमवार, रात्री ९:३१

झब्बूशी सहमत, पण वेगळ्या कारणाने. शेवटच्या चार ओळी काढून टाक. 'रांगेतले सगळे हसले' इथेच थांब. पुसलेली सीट आली आणि माणसं एकदम चांगुलपणाचं प्रदर्शन भरवायला आल्यासारखी झाली. त्याआधी ती साधी, भिजलेली, खरी होती. आणि दप्तरवाल्या मुलाच्या हातात काहीतरी दे. भिजलेल्या मुलाच्या हातात कायम काहीतरी असतंच, अर्धा वडापाव नाहीतर तुटकी छत्री.

आडोसा | सोमवार, रात्री ९:४०

छत्री देतो. शेवटावर विचार करतो. झोपेन आता.

घोडबंदरी | मंगळवार, पहाटे १:२५

झोप येईना म्हणून लिहितोय. सकाळी तावातावाने लिहिलं की आमच्याकडे रस्ता नाही. रात्री मुलाला ताप होता, औषधाचं दुकान चोवीस तासवालं सर्व्हिस रोडला आहे, म्हणून साडेबाराला चालत गेलो. अकरा वर्षांत त्या रस्त्याने रात्री चालत पहिल्यांदाच गेलो असेन.

मेट्रोच्या खांबाखाली दुभाजकाच्या कठड्यावर डिलिव्हरीवाली सात-आठ पोरं बसलेली. पाठीवरच्या मोठ्या पेट्या काढून समोर एकावर एक रचलेल्या, त्यांचंच टेबल. टेबलावर एक स्टोव्ह नाही, काही नाही, फक्त एक पॉवर बँक आणि तिला चार वायरी. चार फोन एका पॉवर बँकेला. ज्याचा फोन वाजेल त्याने वायर काढायची आणि निघायचं, त्याची वायर पुढच्याला. सायकलवर चहा विकणारा एक माणूस, मागे स्टीलची टाकी, कागदी कप. मी उभा राहिलो तसं एका पोराने विचारलं, "सर, ऑर्डर शोधताय?" मी म्हटलं, "नाही, औषधं." तो म्हणाला, "कुठला टॉवर?" सांगितलं. तर म्हणाला, "बी विंग? लिफ्ट एक नंबरची बंद आहे ना अजून? तुमच्याकडे अठरावा मजला आला की आम्ही नाणेफेक करतो."

माझ्या लिफ्टची खबर मला नाही ती त्याला. सोसायटीतल्या कुत्र्याचं नावही ठाऊक होतं त्याला. वॉचमन कोण रात्री झोपतो, कोण 'सर्व्हिस लिफ्टनेच जा' म्हणून अडवतो, कोणती मॅडम पाणी विचारते, सगळं. चहा प्यालो. पैसे द्यायला गेलो तर सायकलवाला म्हणाला, नाणेफेक हरलेल्याने दिले.

ताप उतरलाय. चरईची लेक, सकाळचं माझं अर्धं मागे घेतो. अर्धं अजून तसंच आहे, धूळ आहेच.

चरईची लेक | मंगळवार, सकाळी ६:५०

मुलगा बरा आहे ना? आणि हे तुम्ही पहाटे दीडला लिहिलंत, एकही ओळ बदलू नका.

पहाटचा पेपर | मंगळवार, सकाळी ७:०५

घोडबंदरी, तुमचा कठडा म्हणजे आमचा ओटाच की हो. फक्त लाइनचा नकाशा आता फोनमध्ये. आमच्या वेळी कुणाचा कुत्रा चावरा हे नव्या पोराला सांगणं हे जुन्याचं काम असे.

कलमकसाई | मंगळवार, सकाळी १०:३०

हा किस्सा उत्तम. (विचारलं का, असं मी विचारणार नाही. चहा स्वतः प्यालेत.)

चरईची लेक | गुरुवार, रात्री ९:१५

धागा वर काढतेय, कारण मला काही कबूल करायचंय.

कलमकसाई यांच्या प्रश्नाने दोन दिवस डोकं खाल्लं. आज ऑफिसातून येताना मुद्दाम तलावपाळीला वळले. मावशी पायरीवर होती. म्हटलं, मावशी, तुमच्यावर लिहिलंय मी. फोनवरून सगळं वाचून दाखवलं. ती बांधता बांधता ऐकत होती, दोरा अंगठ्यातच. 'मीटरने मोजून उठवलं' हे वाक्य आलं तेव्हा मी जरा थांबले. दाद येईल असं वाटलं.

ती म्हणाली, "कुणी उठवलं?"

म्हटलं, तो निकाल आला ना, स्टेशनपाशी बसायचं नाही म्हणून.

"त्याच्या आधीच उठले की मी. तिथं माझ्या डोक्यावर गुलमोहर होता, तुला आठवत नाही? पावसात पडला तो. मग दुपारपासून ऊन सगळं टोपलीत. कळ्या चार वाजताच उमलायच्या. उमललेला मोगरा सहाच्या गाडीला कोण घेईल? म्हणून इकडे आले, हिथं पाण्याचा गारवा असतो. नातीचं बारसं झालं त्या पावसाळ्यात."

नात आता पाचवीत आहे. मी तिथेच बोटांवर हिशेब केला. २०१७ च्या चांगली दोन वर्षं आधीची गोष्ट. म्हणजे दोन वर्षं ती तिथे नव्हती आणि माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. निकालाची बातमी वाचली तेव्हा मला ती आठवली असणार. आणि गुलमोहर? मी रोज त्याच्याखाली उभी राहून भांडायचे, मला झाड आठवत नाही.

"पालिकेची गाडी यायची नाही का मग?" मी विचारलं.

"गाडी तर पहिल्यापासून यायची. गाडी आली ओरडलं की टोपली उचलायची, जिन्याखाली जायचं, गाडी गेली की परत. त्याला काय उठणं म्हणतात?" मग जरा थांबून म्हणाली, "पण ते बाकीचे उठले गं त्या साली. माझ्या शेजारी कंगवे-आरसेवाला बसायचा, तो गेला तो गेलाच. त्याचं लिही. माझं काय लिहिते."

आणि आता दोन बोटांचं. ते ऐकून तिने हातातलं काम खाली ठेवलं. वीस वर्षांत पहिल्यांदा. फडक्याखालून एक बांधलेला गजरा काढला, माझा हात ओढला, मधल्या बोटाच्या टोकाला गजऱ्याचं टोक धरलं आणि सोडला. कोपर ओलांडून गजरा खाली लोंबत राहिला. चार बोटं तरी.

"माझा हात आखूड हे मला ठाऊक नाही? मोजून झाल्यावर सहा बोटं वर देते. सासू द्यायची, तिचा हात माझ्याहून आखूड. तू मोजताना कोपराकडे बघायचीस, कापताना कुठं बघत होतीस? पाकीट उघडत होतीस."

कलमकसाई, तुमचं बरोबर होतं. मूळ लेख तसाच ठेवतेय, खाली हे वाचलं जावं म्हणून.

कलमकसाई | गुरुवार, रात्री ९:२८

माझं बरोबर नव्हतं. मला वाटलं होतं प्रमाणपत्राचा घोळ असेल. झाड मला सुचलं नसतं.

आडोसा | गुरुवार, रात्री ९:३०

मी शेवटच्या चार ओळी काढल्या. आणि उद्या एका रिक्षावाल्याला विचारणार आहे की बंद गाडीत मीटर चालतं का.

बंदरावरची | गुरुवार, रात्री ९:४४

कंगवे-आरसेवाल्याला कुणी पाहिलंय का? मला आठवतोय. एक आरसा कायम रस्त्याकडे तोंड करून लावलेला असायचा, त्यात गाडी लांबून दिसायची. सगळ्यांच्या आधी तोच ओरडायचा.

मुलुंडपार | गुरुवार, रात्री ९:५०

ए मस्त! लिही ना तू हे.

घोडबंदरी | गुरुवार, रात्री ९:५२

गजरा घेतला की नाही मग? कितीला?

चरईची लेक | गुरुवार, रात्री ९:५५

तीस. सुट्टे नव्हते आणि तिच्या नातीने लावून दिलेला क्यूआर कोड पावसात फुगलाय. वीस दिले. दहा उद्या द्यायचेत.